सायलेन्सरला ठिगळ नको

आमच्या मॉरिस मायनरच्या सायलेन्सरवर गेल्या महिनाभरात रविवारच्या वर्गात जेवढी चर्चा झाली, तेवढी प्रयोगांवरही झाली नसेल. मुले आत कर्तरी-कर्मणी ओळखत बसलेली आणि बाहेर चहाच्या टेबलाशी पालकमंडळी दोन तट पाडून उभी! एक पक्ष म्हणतो, भोक पडले आहे तेवढ्यावर पत्रा ठेवून वेल्डिंग मारून घ्या, वर्षभर बघायला नको. दुसरा म्हणतो, एवढी जुनी गाडी, कशाला पैसे घालता, विकून मोकळे व्हा. आम्हां दोघांचे मत तिसरेच आहे. चहाच्या टेबलावर ते कोणी पूर्ण बोलू देत नाही, म्हणून संपादकांकडून इथे जागा मागून घेतली.

मत असे: इंजिनापासून शेपटापर्यंत सगळी नळी एकदम बदलावी, ती स्टेनलेसची घालावी, आणि हे काम मुलांच्या देखत करावे.

मुलांनो, आधी गाडीची ओळख. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचा आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा. पुढे १९५९ची मिनीही त्यांचीच. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्याची ही गाडी सोळा लाखांहून अधिक विकली गेली. तुमच्या आजी-आजोबांनी जिच्यातून प्रवास केला असेल ती अँबॅसेडर म्हणजे याच घराण्यातल्या मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप, जे २०१४ पर्यंत बनत होते. म्हणून आमच्या मायनरला घरी आम्ही ‘अँबॅसेडरची मावशी’ म्हणतो. आमची १९६७ची, १०९८ सीसीची.

आता नळी. आपल्याकडे अख्ख्या नळीलाच सायलेन्सर म्हणायची पद्धत आहे. खरे तर सायलेन्सर म्हणजे मधला फुगीर डबा. इंजिनातून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून चापाने आवळलेल्या पुढच्या नळीत, मग डब्यात आणि शेवटी मागच्या नळीतून बाहेर. डब्यात आडवे पडदे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यांच्यावर आपटून परततात, एकमेकींना मारतात आणि बाहेर थोडाच आवाज उरतो.

हा डबा का कुजतो याचे उत्तर बहुतेक जण ‘पाऊस’ असे देतात. इथला पाऊस आणि थंडीत रस्त्यावर टाकलेले मीठ बाहेरून गंज चढवतात हे खरेच, पण मोठा शत्रू आत असतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! ते वाफ होऊन बाहेर पडते, पण केव्हा? नळी पुरती तापल्यावर. घरापासून वर्गापर्यंत तीन मैल जाऊन गाडी थांबवली, तर मागचा डबा तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते, त्यात धुरातले आम्ल मिसळते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून वर्षाला पाचशे मैल, तेही तुकड्या-तुकड्यांनी, फिरणाऱ्या जुन्या गाडीची नळी रोज लांब पल्ल्याला जाणाऱ्या गाडीपेक्षा लवकर जाते. गाडी ‘जपून वापरली’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

वेल्डिंगवाल्या पक्षाला आमचे उत्तर इथेच आहे. भोक दिसते तिथला पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो. त्यावर नवा पत्रा ठेवून टाका मारला, की टाक्याच्या शेजारी नवे भोक. सदऱ्याचे कापड विरल्यावर ठिगळ लावले तर ठिगळ राहते आणि सदरा फाटतो, तसेच हे. पट्टी गुंडाळून वर लुकण थापणे हे रस्त्यात बंद पडल्यावर घरी पोचण्यापुरते ठीक. आपण काटकसरी माणसे आहोत याचा आम्हांलाही अभिमान आहे. रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यात डाळ आमच्याही घरी असते. पण काटकसर डब्याडब्यात फरक करते.

कारण मागच्या सीटवर मुले बसतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच ठेवत नाही. नव्या पेट्रोल गाड्यांत तो कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मायनरला असले काही नाही, कार्ब्युरेटरमधून जे जळेल ते थेट बाहेर. नळी मध्यावर फुटली आणि जुन्या गाडीच्या तळाच्या पत्र्यालाही कुठे भोक असले, की हा वायू आत येतो. थंडीत खिडक्या बंद. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि आपण म्हणतो, ‘पोराला गाडी लागते.’ लागत असेलही. पण आधी वाकून गाडीखाली बघा.

‘एवढे असते तर एमओटीत कळले असते’ असे एक काका म्हणाले. तोच तर घोळ आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटीतून सूट मिळाली. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची मालकाची जबाबदारी मात्र सुटलेली नाही. सुटला तो फक्त वर्षातून एकदा गाडी उचलून खाली पाहणारा माणूस. आमच्या मते ही सूट घेऊच नये. सक्ती नसली तरी तपासणी करून घेता येते. आम्ही दरवर्षी करून घेतो, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने तेवढे पैसे खर्चावेत असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

स्टेनलेसवरून आमची जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींशीही गाठ पडते. त्यांचे म्हणणे, कारखान्यातून गाडी साध्या पोलादाची नळी घेऊन आली, तीच शोभते; स्टेनलेसचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. आवाजात थोडा फरक पडतो, हे मान्य. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचे असेल, किंवा दोन वर्षांत गाडी विकायची असेल, तर साधी नळी घ्या. ती बरीच स्वस्त पडते. आमची गाडी मात्र थोडी चालणारी आणि बरीच उभी राहणारी. आतून ओल राहणार हे ठाऊक असताना पुन्हा गंजणाराच पत्रा कशाला? १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद ओतले. शंभराहून अधिक वर्षांनी त्याचा फायदा घेतला तर गाडीचा अपमान होत नाही. घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला तो जवळपास चिकटत नाही, स्वस्त ४०९ला चिकटतो. ४०९ वाईट नव्हे, पण तिला तांबूस गंजाची छटा येते. ३०४चे पैसे देऊन ती घेऊ नये, एवढेच.

राहिला मुलांचा प्रश्न. गॅरेजात गाडी टाकली तर अर्ध्या दिवसात काम होते आणि मुलांना दिसते फक्त बिल. घरी केले तर शनिवार-रविवार जातो, हात काळे होतात, पण मराठी किती लागते बघा: पाना, पक्कड, चाप, आटे, घट्ट, सैल, तिरके, सरळ. ‘आटे गेले’ हे पुस्तकात शिकवायला अर्धा तास लागतो, गंजलेला नट हातात दिला की एका क्षणात कळते. आमची मुलगी आता इंग्रजी शाळेतही ‘आटा’ म्हणते!

पण नियम कडक हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, मोठ्यांनीही नाही. सपाट जागा, चाकांना अडण्या, खाली पक्के स्टँड, आणि मुले गाडीबाहेर. ती हत्यारे देतील आणि विजेरी धरतील. जुन्या गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ते कोरडे खरवडायचे नाही आणि त्या वेळी मुले घरात. नटांवर दोन दिवस आधीपासून तेल सोडत राहावे. तरी न सुटला तर कापावा, त्याच्याशी कुस्ती खेळून मॅनिफोल्डचा खिळा मोडू नये. नवे चाप आणि नवी रबरे घ्यावीत, मॅनिफोल्डला पितळी नट लावावेत, ते पोलादी नटांसारखे गंजून जाम होत नाहीत. आणि सगळी नळी सैल टांगून, कुठे घासत नाही ना हे पाहून, मगच पुढून मागे आवळत यावे. रबरी पायांवर इंजिन हलते, त्यामुळे नळीलाही हलायला जागा लागते. ताणून बसवलेली नळी महिन्याभरात खडखडू लागते.

आमची नवी नळी आली आहे. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला काम सुरू करू. मोठ्या गटातल्या ज्या मुलांना यायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून, आई किंवा बाबांसह यावे, पोहे आमच्याकडे. काढलेला डबा उभा कापून रविवारी वर्गात आणू. विकून टाका म्हणणाऱ्या काकांनी तो आधी पाहावा आणि मग आमच्या गाडीतूनच घरी जावे.