ऐकले तसेच लिहा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या उर्दू भाषेत 'नवीस' हा शब्द आहे. नवीस म्हणजे लिहिणारा. अर्जीनवीस अर्ज लिहितो. खुशनवीस सुंदर अक्षर काढतो. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा 'नीस' झाला. पत्रे लिहिणारा तो चिटणीस, फारसी लिहिणारा तो पारसनीस. शिवाजी महाराजांच्या कारभारात वाकनीस होते. हा शब्द 'वाकिआनवीस' यावरून आला. वाकिआ म्हणजे घटना. रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा तो वाकनीस. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी या पदाला 'मंत्री' असे संस्कृत नाव मिळाले. केवळ लिहिणाऱ्याला एवढा मान का मिळाला असेल? कारण घटना घडून जाते, बोललेला शब्द हवेत विरतो. मागे उरते ती फक्त नोंद.

आजही असे नवीस आपल्याभोवती आहेत. न्यायालयात लघुलेखक असतो. विधानमंडळात प्रतिवेदक असतात. ध्वनिमुद्रण ऐकून त्यातला शब्द न् शब्द कागदावर उतरवणारे प्रतिलेखक तर कितीतरी ठिकाणी काम करतात. कोणी डॉक्टरांनी सांगितलेली टिपणे लिहितो, कोणी संशोधकांनी घेतलेल्या मुलाखती लिहितो. माझ्या मते या सर्वांचे कर्तव्य एकच आहे : जे ऐकले तेच लिहायचे. आपल्या पदरचे काही घालायचे नाही आणि त्यातले काही गाळायचे नाही.

हे काम सोपे वाटते, पण तसे ते नाही. माणूस साधारणपणे एका मिनिटाला १२० ते १५० शब्द बोलतो. हाताने आपण तेवढ्या वेळात २५-३० शब्दच लिहू शकतो. म्हणून लघुलेखनाची कला जन्माला आली. उर्दूत तुम्ही तिला 'मुख्तसरनवीसी' म्हणता. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात अक्षरांऐवजी उच्चारांसाठी खुणा असतात. आपल्या राज्यात निम्नश्रेणी लघुलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मिनिटाला १०० शब्दांचा वेग लागतो, तर उच्चश्रेणीसाठी १२० शब्दांचा. पुढे ध्वनिमुद्रण आले आणि बोलणे पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले. तरीही तासाभराचे स्पष्ट बोलणे नीट लिहायला सरावलेल्या माणसालाही चारएक तास लागतात.

पण खरी अडचण वेगाची नाही, मनाची आहे. आपले कान जे ऐकतात त्यापेक्षा मनाला जे अपेक्षित असते तेच हात लिहून जातो. 'सात' आणि 'साठ' यांत फरक केवढासा! औषधाच्या गोळ्या लिहिताना मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. आता दुसरे उदाहरण पाहा. समजा, एक साक्षीदार म्हणाला, "मी त्याला पाहिले... नाही, म्हणजे, पाहिल्यासारखे वाटले." लिहिणाऱ्याने हे अडखळणे काढून टाकले आणि लिहिले, "मी त्याला पाहिले." वाक्य सुबक झाले, पण साक्ष बदलली. अशा एका सुबक वाक्याने निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. म्हणून खुशनवीसाने अक्षर जरूर सुंदर काढावे; दुसऱ्याचे बोलणे सुंदर करण्याचा हक्क मात्र कोणत्याही नवीसाला नाही.

एका शब्दाचे मोल किती असते, हे लोकमान्य टिळकांच्या खटल्यात दिसते. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. आरोप होता 'केसरी'तल्या मराठी लेखांवर. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते. मराठी मातृभाषा असलेला त्यांत एकही नव्हता. त्यांच्यासमोर होती लेखांची इंग्रजी भाषांतरे. ती भाषांतरे बरोबर नाहीत, असे टिळकांनी शब्द दाखवून सांगितले. ते एकूण २१ तास बोलले. तरीही सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण त्या खटल्याचा शब्दशः वृत्तान्त न. चिं. केळकर यांनी संपादित करून त्याच वर्षी प्रसिद्ध केला. शिक्षा होण्यापूर्वी टिळकांनी काढलेले उद्गार आज उच्च न्यायालयात संगमरवरी फलकावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्या फलकाचे अनावरण केले. निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला, पण त्यांचे शब्द हरवले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, "माणसे बोलताना चुकतात. त्यांची वाक्ये थोडी सुधारली, तर बिघडले कुठे?" हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मासिकातल्या मुलाखतीखाली 'शब्दांकन' असे लिहून लेखकाचे नाव छापतात. तिथे वाचकाच्या सोयीसाठी वाक्ये सरळ केलेली असतात आणि वाचकालाही ते ठाऊक असते. पण जिथे शब्दशः नोंद हवी, तिथे ही सवलत नाही. एखादा शब्द ऐकू आला नाही, तर अंदाजाने लिहू नये. तिथे 'अस्पष्ट' असे लिहावे आणि ध्वनिमुद्रणातली वेळ नोंदवावी. 'मला कळले नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाज खरा म्हणून खपवणे हा मात्र अप्रामाणिकपणा आहे.

आता तुमच्याशी संबंध असलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात न्यायालयात लेखन करणाऱ्या २७ जणांची चाचणी भाषाशास्त्रज्ञांनी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या लेखकांना कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतील वाक्ये ऐकवली गेली. सुमारे ६० टक्के वाक्येच बरोबर लिहिली गेली. हे लोक त्यांच्या कामात तरबेज होते. फक्त ती बोली त्यांच्या कानाला सरावाची नव्हती. आपल्याकडे काय होईल, याचा विचार करा. दखनी बोलणारी एखादी बाई म्हणते, "मैंने वहाँ खून देखा." ती रक्ताबद्दल बोलत असते, पण मराठीत 'खून' म्हणजे हत्या! 'दुकान खाली है' म्हणजे दुकान रिकामे आहे. मराठीत मात्र 'खाली' म्हणजे वरच्या उलट. फौजदारी खटल्यात साक्ष झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि गरज पडल्यास दुरुस्त करावी, असा कायदा आहे. पण मुळात लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा कळत असतील, तर चूक होणारच नाही.

"आता यंत्रेच हे काम करतात," असेही तुम्ही म्हणाल. खरे आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत घटनापीठापुढील बोलणे यंत्राने तिथल्या तिथे लिहून पडद्यावर दाखवले. पण दोघे एकदम बोलू लागले, की यंत्र गोंधळते. म्हणून ते लेखन तपासायला माणसे ठेवावी लागली. यंत्र वेगाने लिहील. पण लिहिलेले खरे आहे की नाही, याची जबाबदारी ते घेणार नाही. ती माणसालाच घ्यावी लागते.

मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू किंवा दखनी बोलता, शाळेत मराठी शिकता. दोन भाषांचे कान असलेल्या माणसाची या कामात फार गरज आहे. आजच एक करून पाहा. तुमच्या दादीचे किंवा नानीचे पाच मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. ते जसेच्या तसे लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. "हो, मी हेच म्हणाले होते," असे त्या म्हणाल्या, तर तुम्ही खरे नवीस झालात असे समजा.

स्वाध्याय

१. 'वाकनीस' हा शब्द कसा तयार झाला?
२. कारण द्या : साक्षीदाराचे अडखळणे लिहिताना गाळू नये.
३. उर्दूत आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.