अप्रत्यक्ष कथन : इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेचे साहित्यशास्त्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांत माध्यमिक शाळेच्या पाटीवर ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असे नाव असते आणि आत गणितापासून इतिहासापर्यंत सारे मराठीतून शिकविले जाते. नावातील इंग्रजी ही एकोणिसाव्या शतकातील एका आकांक्षेची खूण आहे. वर्गात ती एका विषयापुरती उरते, आणि त्या विषयातही प्रत्यक्षात उरते ती परीक्षा. २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. तरी दहावीच्या उंबरठ्यावर माण, खटाव, जत, आटपाडीच्या मुलाला अडविणाऱ्या विषयांत तिचे स्थान अढळ आहे. या अडवणुकीची चर्चा शिक्षणशास्त्राच्या खात्यावर टाकून साहित्यसमीक्षा मोकळी झाली आहे. ही मोकळीक तिला घेता येणार नाही. व्याकरण, उतारा आणि निबंध या तीन विभागांची प्रश्नपत्रिका हे केवळ मापनाचे साधन नसून ती भाषा, संहिता आणि लेखक यांविषयीची एक भूमिका आहे. आणि इंग्रजी विभागांत जे सिद्धांत शिकविले जातात त्यांच्या ती नेमकी विरुद्ध आहे.

प्रथम व्याकरण. ‘ही इज टू वीक टू वॉक’ या वाक्यातील ‘टू’ काढावयास सांगितले जाते. विद्यार्थी ‘सो... दॅट... कॅनॉट’ हा साचा बसवितो आणि गुण मिळवितो. त्याच्या स्वतःच्या भाषेत ही अशक्तता ‘त्याला चालवत नाही’ अशी क्रियापदाच्या रूपातच बोलते. इंग्रजीला जे दोन वाक्यांशांत मांडावे लागते, ते मराठी एका प्रत्ययाने सांगते. येथे व्याकरण खरोखर सुरू होऊ शकले असते. साचा बसला, की तो प्रश्नच संपतो.

प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मराठी बोलणारा ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे सहज म्हणतो. ‘की’ आला तरी मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’, त्याचा ‘उद्या’ आणि त्याचा वर्तमानकाळ जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र सांगणारा दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या जागेवरून पुन्हा मांडतो. सर्वनाम, काळ, दिवस सारे त्याच्या स्थानाशी जुळवून घेतात. दुसऱ्याचा आवाज आपल्या वाक्यात कसा आणावयाचा, याविषयीचा हा दोन भाषांमधील मूलभूत फरक आहे. वलोशिनॉव्हने १९२९ च्या ग्रंथाचा तिसरा भाग याच प्रश्नाला दिला, आणि कादंबरीच्या बहुस्वरतेविषयीची बाख्तीनची सारी मांडणी या प्रश्नाभोवती फिरते. पदव्युत्तर वर्गात सकाळी बाख्तीन शिकवावयाचा आणि दुपारी कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात ‘धिस’चे ‘दॅट’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’ असा तक्ता पाठ करून घ्यावयाचा, यात कोणाला विसंगती जाणवत नाही, हे आश्चर्य आहे.

पूर्वी ती जाणवत असावी. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठी वाक्याला लावून पाहिली. त्यांचा ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ १८८८ चा. परक्या व्याकरणाचा त्यांनी केलेला उपयोग विचाराचा होता, गुणांचा नव्हता. (योगायोग असा, की परीक्षकागणिक गुण किती बदलतात याचा संख्याशास्त्रीय हिशेब एजवर्थने इंग्लंडात मांडला तोही १८८८ मध्येच. निबंधाला गुण देताना आजही तो हिशेब कोणी आठवीत नाही.)

उताऱ्यावरील प्रश्नांची भूमिका आणखी उघडी आहे. अर्थ उताऱ्यात ठेवलेला असतो आणि प्रश्नातील शब्द जेथे सापडेल तेथून तो उचलावयाचा. उतारा न समजताही हे जमते, आणि हे जमणे म्हणजेच आकलन असे ठरते. वाचक अर्थ घडवितो असे प्रतिपादणारी अर्धशतकाची समीक्षा या प्रश्नापाशी पूर्ण शांत असते. कृतिपत्रिकेने ‘वैयक्तिक प्रतिसाद’ हा प्रश्न आणला. परंतु त्या प्रतिसादाची तयार उत्तरे गाइडांतून मिळू लागली, आणि वैयक्तिक म्हणून जे उरले ते हस्ताक्षर.

निबंधाविषयी फार लिहावयास नको. ‘पावसाळी दिवस’ हा पिढ्यान्पिढ्यांचा विषय. पर्जन्यछायेतील तालुक्यांची मुले त्यात कागदी होड्या आणि भिजलेला गणवेश लिहितात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत याच भागात जनावरांच्या छावण्या उभ्या होत्या. त्या छावणीतला पाऊस, म्हणजे न आलेला पाऊस, मोडक्या इंग्रजीत लिहिणारा मुलगा पाठ केलेल्या निबंधापुढे हरतो. कारण पाठ निबंधात चुका नसतात.

या परीक्षेचा एक समर्थ बचाव आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. नियम पाठ करून मिळणारे गुण घरात इंग्रजी नसलेल्यालाही मिळतात. ‘संज्ञापनक्षमता’ तपासू लागले, की ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते तो पुढे जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था उभी केली, तेव्हापासून ज्या समाजस्तरांतील मुले शाळेत येऊ लागली, त्यांच्यासाठी व्याकरणाचा तक्ता ही खरोखरच शिडी होती. लाडोच्या १९६१ च्या ग्रंथातील सुट्या घटकांची चाचणी जुनाट ठरविणाऱ्या आणि हाइम्सचे नाव घेऊन सुधारणा करणाऱ्या मंडळींनी हे कधी लक्षात घेतले नाही. परंतु शिडी चढून मुलगा पोहोचतो कोठे? दहा वर्षे इंग्रजी शिकूनही त्याला वर्तमानपत्रातील एक स्तंभ वाचता येत नाही. गुण मिळाले, भाषा मिळाली नाही. आणि पुढच्या टप्प्यावर, मुलाखतीत किंवा पदव्युत्तर वर्गात, ही फसवणूक त्याच्या बुद्धीच्या नावे खर्ची पडते.

आटपाडीजवळच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेले लेखक. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने मिळविली, ती पाश्चात्त्य साहित्य वाचण्यासाठी. त्यांच्या वाचनाचे फळ मराठीत उतरले. या प्रश्नपत्रिकेने त्यांचे वाचन मोजता आले असते काय? वाचलेले इंग्रजीतच लिहून दाखविले पाहिजे, ही अट वाचनाच्या परीक्षेला गुपचूप लेखनाची परीक्षा बनविते, आणि जो समजतो पण लिहू शकत नाही त्याला न समजणाऱ्याच्या रांगेत बसविते.

म्हणून आकलनाची उत्तरे मराठीत लिहू द्यावीत; इंग्रजी लेखन वेगळे, त्याच्या जागी, तपासावे. यावर दोन आक्षेप येतील. मुले इंग्रजी लिहिणेच सोडतील, हा पहिला. आज ती लिहितात ते गाइडाचे इंग्रजी आहे, तेव्हा सुटण्यासारखे फारसे काही नाही. उत्तरे तपासावयाची कोणी आणि जतमधील कन्नड शाळांचे काय, हा दुसरा. तृतीय भाषा इंग्रजीच्या दहावीच्या पत्रिकेत थोड्या गुणांपुरते का होईना, शिक्षणाच्या माध्यमभाषेत भाषांतर आजही विचारले जाते. ती उत्तरे कोणीतरी तपासतेच, आणि कन्नड शाळांतील मुलांची उत्तरेही त्यांच्या माध्यमातूनच येतात. यंत्रणा उपलब्ध आहे. भाषांतराच्या या कोपऱ्यातून तिला उताऱ्यापर्यंत आणावयाचे आहे.