स्प्लिट आणि चौथी सीट

लेडीज डब्यातली चौथी सीट काय चीज आहे, हे चर्चगेट-बोरिवली करणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको. अर्धं बूड सीटवर, अर्धं हवेत. गेल्या पावसाळ्यात ही सीट मिळत असूनही मी अंधेरीपर्यंत उभी राहायचे. एक काकू म्हणाल्याच, "अगं बस की, सरकते मी." आता काकूंना काय सांगणार, की मला बॅलेत लागलंय? आणि तेही नाचताना नाही, नुसतं स्ट्रेचिंग करताना!

तर किस्सा असा. तिशी उलटल्यावर मी बॅलेच्या क्लासला नाव घातलं. बाकीच्या सगळ्या कॉलेजच्या पोरी, मी वर्गाची ताई. दोन वर्षांनी माझा स्प्लिट जमिनीला टेकला आणि मी जमिनीवरून चार बोटं वर चालायला लागले. मग एका गुरुवारी, नऊ तास खुर्चीत काढून, गार एसी स्टुडिओत, वॉर्म-अप वगैरे न करता मी डावा पाय पुढे सरकवला. सावकाश, अगदी स्टाइलमध्ये. बसतो त्या हाडापाशी काहीतरी टच्‌कन झालं.

गंमत म्हणजे फार दुखलंच नाही. सूज नाही, काळंनिळं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीची लोकल पकडली. म्हटलं, आखडलंय. आणि आखडलं की काय करायचं? ताणायचं! तीन आठवडे मी रोज रात्री तो पाय ताणला. आईने तेल गरम करून दिलं, तेही रगडलं. शेवटी अशी वेळ आली की वाकून मोजा घालता येईना आणि मीटिंगमध्ये मी एका अंगावर कलंडलेली.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाय तपासला आणि शांतपणे म्हणाल्या, "आखडलं नाहीये, फाटलंय. आणि फाटलेलं तुम्ही रोज ओढताय."

मांडीमागचा हॅमस्ट्रिंग म्हणजे तीन स्नायूंचा जुडगा, बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत गेलेला. पळणाऱ्यांचा तो जोरात धावताना दुखावतो. आम्हा नाचणाऱ्यांचा सावकाश ताणताना, तोही वर, हाडाच्या जवळ. तिथली जखम भरायला जाम वेळ लागतो. कार्ल आस्कलिंग या स्वीडिश संशोधकाच्या टीमने २००६ मध्ये १८ धावपटू आणि १५ डान्सर यांची तुलना छापली. सुरुवातीला धावपटूंची अवस्था जास्त वाईट होती. पण पूर्वीसारखं व्हायला त्यांना लागलेल्या वेळाचा मधला आकडा १६ आठवडे, डान्सरचा ५०!

पन्नास आठवडे! इथे आमच्या ऑफिसात पन्नास मिनिटांची मुदत मिळत नाही. डिसेंबरच्या शोमधून माझं नाव मी स्वतः फोन करून काढलं आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

मग खरा धडा सुरू झाला. ताणणं बंद. "दुखावलेला स्नायू लांब व्हायला घाबरतो," मॅडम म्हणाल्या, "त्याला आधी ताकद द्या, लवचिकता मागून येईल." पहिले काही आठवडे आपलं सेतुबंधासन, नुसतं धरून ठेवायचं. मग एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे झुकणं. मग माझा लाडका प्रकार: एका हाताने स्वयंपाकघरातला ओटा धरायचा, वजन दुखऱ्या पायाच्या टाचेवर, गुडघा किंचित वाकवलेला, आणि दुसरा पाय मोज्यावर मागे घसरवत न्यायचा. दुखायच्या आत थांबायचं आणि हातांच्या जोरावर परत यायचं. आई म्हणायची, "फरशी पुसतेस का नाचतेस?" ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठायचं, कारण खुर्ची नेमकी त्याच जागेवर दाब देते.

क्लासला जाणं मात्र सोडलं नाही. बारला धरून प्लिए करायचे, पाय कमरेच्या खालीच. बाजूच्या पोरींचे पाय कानाला लागत असताना आपला गुडघ्याएवढा उचलणं, हा व्यायाम सगळ्यात कठीण होता.

आज वर्ष होऊन गेलं. स्प्लिट अजून दोन बोटं अधांतरी आहे. पण पूर्वी जो पाय हाताने धरून वर न्यावा लागायचा, तो आता हात न लावता कमरेएवढा उचलून धरता येतो.

तेव्हा मैत्रिणींनो (आणि जिममधल्या मित्रांनो), ताणताना टच्‌कन झालं तर पाय ताणून बघू नका, दाखवून घ्या. मोठा आवाज, काळानिळा डाग किंवा पायातली ताकदच गेली, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

आणि हो, काल दादरला चौथी सीट मिळाली. अंधेरीपर्यंत बसून आले.