नगराध्यक्षांची खुर्ची आणि बोईसरचा प्रश्न

पालघरमध्ये 2025 च्या दिवाळीत खरेदीइतकीच चर्चा निवडणुकीची होती. नगर परिषदेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेल्याला तेव्हा वर्ष उलटले होते. तिकीट कोणाला, बंडखोरी कोण करणार, याचे हिशेब नाक्यानाक्यावर मांडले जात होते. आम्हाला मात्र बोलायचे आहे ते नगराध्यक्षांच्या खुर्चीबद्दल.

मार्च 2019 मध्ये पालघरकरांनी वेगळाच कौल दिला. सभागृहात बहुमत शिवसेना-भाजप युतीला आणि नगराध्यक्षपदी राष्ट्रवादी काँग्रेसच्या डॉ. उज्ज्वला काळे! नगरसेवक निवडताना पक्ष पाहणाऱ्या कितीतरी मतदारांनी नगराध्यक्ष निवडताना माणूस पाहिला. हा कौल आम्हाला तेव्हाही शहाणपणाचा वाटला, आजही वाटतो. पण थेट लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेच्या अध्यक्षस्थानी बसला, तरी विषयपत्रिकेवरचा विषय मंजूर होतो नगरसेवकांच्या बहुमताने आणि ठरावाची अंमलबजावणी असते सरकारने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या हाती. गटार तुंबले की लोक मात्र नगराध्यक्षांचेच दार ठोठावतात. त्यातही ही निवड थेट लोकांतून की नगरसेवकांतून, हे 2016, 2020 आणि 2022 असे तीनदा मुंबईतून बदलले गेले.

या पदाला कमी लेखू नये. वसंतराव नाईक 1946 मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि 1963 पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. अमेरिकेत पीट बुटिजेज हे साऊथ बेंड या लाखभर वस्तीच्या शहराचे आठ वर्षे महापौर होते. हजार दिवसांत हजार ओसाड घरे एकतर दुरुस्त करायची नाहीतर पाडायची, असे त्यांनी जाहीर केले आणि आकडा गाठलाही. गरीब वस्त्यांतून त्यावर टीका झाली, तिचेही उत्तर त्यांनाच द्यावे लागले. तिथून ते 2020 च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले आणि पुढे केंद्रात वाहतूकमंत्री झाले. शहराचे श्रेय आणि दोष एकाच माणसाकडे असल्यामुळे मतदारांना त्यांचे मोजमाप करता आले.

पालघरजवळच्या आमच्या बोईसरला ही संधीच नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र 1969 मध्ये शेजारच्या तारापूरला सुरू झाले, एमआयडीसी आली, देशभरातून कामगार आले, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. बोईसर अजून ग्रामपंचायतच आहे. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ यांच्या इमारती एकमेकींना भिडल्या आहेत, कारभार मात्र वेगवेगळ्या पंचायतींचा. रस्त्यावरच्या कचऱ्याची तक्रार घेऊन जा, “हे आमच्या हद्दीत येत नाही” असे ऐकायला मिळते. एमआयडीसीची हद्द आणखी निराळी. गावाच्या तुटपुंज्या साधनांवर सरपंचाने शहर चालवावे, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते. सरपंच कोणत्याही पक्षाचा असो.

बोईसर आणि लगतच्या गावांची एक नगर परिषद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरपट्टी वाढेल ही भीती खोटी नाही. पण आज पाणी आणि कचऱ्यासाठी पदरचा पैसा कोण मोजतो, तेही पाहावे.

वाचकहो, निवडणूक आली की पालघरमध्ये मते मागायला जे दारी येतील, त्यांना पक्ष विचारण्याआधी पाणी, कचरा आणि गटारांचे काय करणार हे विचारा. बोईसरकरांनी ग्रामसभेला जावे आणि नगर परिषदेचा विषय तिथे मांडावा.