समीक्षेचा शेवट आयत्या वाक्याने होत नाही

दहावीच्या मराठीत कवितेचे रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मुद्द्यांत लिहायला शिकवतात. तिसरा मुद्दा संपला की उत्तर संपते. या तिन्हींतून कवितेबद्दल काय हाती लागले, ते सांगायची सवय मुलांना लागतच नाही. पुढे सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात यांतलीच काही जण मराठी विषय घेऊन समीक्षालेख लिहू लागतात आणि शेवटी 'अशा प्रकारे ही एक श्रेष्ठ साहित्यकृती आहे' असे लिहून मोकळी होतात. बारकाईने केलेल्या वाचनाचे या एका वाक्याने मातेरे होते.

मारुती चितमपल्लींचेच उदाहरण घ्यावे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला, अनेक वर्षे वनखात्यात काढलेला हा लेखक २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. त्यांच्या पुस्तकांवरचे लेख हमखास 'म्हणून आपण सर्वांनी निसर्गाचे रक्षण केले पाहिजे' या उपदेशावर थांबतात. उपदेश रास्त आहे, पण तो वन खात्याच्या फलकावरही शोभेल. चितमपल्लींच्या लेखनाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. आदिवासींकडून ऐकलेली नावे, संस्कृत ग्रंथांतले दाखले आणि रानात स्वतः केलेल्या नोंदी त्यांच्या गद्यात एकत्र नांदतात. लेखात हे सारे दाखवून झाल्यावर समारोपाने पुढचे पाऊल टाकायला हवे: चितमपल्लींच्या लेखनात पक्ष्याची ओळख आणि त्याच्या नावाची ओळख या वेगळ्या गोष्टी राहत नाहीत, भाषेतून रानाची नावे गेली, तर रान पाहण्याची नजरही जाते, असे हे लेखन सुचवते. हा निष्कर्ष कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मात्र तो दुसऱ्या कोणत्याही लेखकाला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही.

समारोपाची खरी कसोटी हीच. लेखकाचे नाव बदलून पाहावे. वाक्य तरीही चालत असेल तर ते खोडावे.

सोलापूरचे शाहीर रामजोशी यांच्याकडे तर याचा घरचाच धडा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातला हा संस्कृत जाणणारा शाहीर लावणीने गाजला आणि पुढे कीर्तनाकडे वळला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ पद निरूपणाला घेतात, उत्तररंगात आख्यान सांगतात आणि अखेरीस पुन्हा त्या पदावर येतात. शब्द तेच असतात, पण मधल्या आख्यानाने श्रोत्याला त्यांचा अर्थ नव्याने उमगलेला असतो. समारोपानेही सुरुवातीच्या प्रश्नाकडे असेच परतावे. मधल्या पानांवरचे मुद्दे ओळीने पुन्हा मोजू नयेत, नवे उदाहरणही तिथे काढू नये. त्या मुद्द्यांमुळे प्रश्नाचे उत्तर कसे बदलले, ते सांगावे.

रामजोशींवर लिहिणाऱ्याने 'ते थोर शाहीर होते' इथे थांबण्यात अर्थ नाही. ते साऱ्यांना ठाऊक आहे. पंडिताची भाषा फडावर आली तेव्हा लावणीचे काय झाले आणि त्या पांडित्याचे काय झाले, याचे उत्तर वाचकाला हवे असते. ते ठामपणे द्यावे. पुरावा जिथे अपुरा पडतो, तिथे तसेही म्हणावे. त्याने समीक्षकाचे वजन कमी होत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. साच्यातल्या उत्तराला पूर्ण गुण मिळत असतील, तर वेगळे उत्तर शोधण्याचा धोका कोण पत्करेल? म्हणून शिक्षकांनी रसग्रहणाच्या तीन मुद्द्यांखाली 'मग या कवितेबद्दल तुझे मत काय झाले?' हा चौथा प्रश्न विचारावा आणि परीक्षकांनी त्याच्या उत्तरासाठी वेगळे गुण राखून ठेवावेत.