आरक्षण बागेचे, अनुशेष कायमचा!

आरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षण आणि नोकरी येते. पण आरक्षण जमिनीचेही असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका विकास आराखडा तयार करते आणि त्यात बाग, क्रीडांगण, शाळा, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित ठेवते. नोकरीतल्या आरक्षणाचे जे झाले तेच इथेही झाले. आरक्षण कागदावर, अनुशेष मात्र वर्षानुवर्षे तसाच!

हा अनुशेष कसा साचतो हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. आरक्षण पडले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नव्हे. ती मोबदला देऊन संपादित करावी लागते. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिने झाली. नुसते प्रस्ताव आणि पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्स प्रकरणातील निकाल आहे. महापालिका म्हणते, तिजोरीत पैसा नाही. मुदत टळते आणि बागेच्या जागी टॉवर उभा राहतो.

पुण्याचे उदाहरण घ्या. १९९७ साली २३ गावे महापालिकेत आली. त्या गावांतल्या टेकड्यांवरील ९७८ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचवले गेले. त्याला राज्य सरकारची मंजुरी मिळायला २०१५ साल उजाडले. मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. तो जमीनमालकांना मान्य नाही आणि रोख मोजण्याची महापालिकेची ऐपत नाही. या ओढाताणीत २०१५ पासूनची दहा वर्षेही सरली. मग टेकडी वाचवणार कोण?

खरे दुखणे याहून खोल आहे. नदी आणि टेकडी हद्द ओळखत नाही. मुळेच्या एका काठाला पुणे, समोर पिंपरी-चिंचवड, त्यापलीकडे ग्रामपंचायती. प्रत्येकाची तिजोरी वेगळी, प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. बागेसाठी जमीन घ्यायची ती गाव मोकळे असताना, भाव कमी असताना. पण तेव्हा गावाकडे पैसा नसतो आणि शहर म्हणते, ती आमची हद्द नाही. पुढे गाव शहरात येते. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुण्यात आलीच. तोवर भाव गगनाला भिडलेले असतात आणि मोकळी जमीन बिल्डरच्या घशात गेलेली असते.

यावर उपाय राज्यघटनेतच आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बागा, उद्याने, क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत घातला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडई आणला. महानगर क्षेत्रात नियोजन समिती हवी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडलेले हवेत. आणि जमीन, पाणी, नैसर्गिक साधने यांचा विचार सर्वांनी मिळून करावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे शेजारच्या संस्थांनी एकत्र बसणे ही मेहेरबानी नाही, तो घटनेचा आदेश आहे. पण खरा कारभार सरकारने नेमलेल्या प्राधिकरणांच्या हातात राहिला.

आपला यात काय संबंध, असे कोणी विचारेल. बंगलेवाल्याला अंगण असते, सोसायटीला क्लब असतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला खेळायला आणि म्हातारीला टेकायला सार्वजनिक बागेशिवाय दुसरी जागा कोणती? मात्र सावध राहिले पाहिजे. उद्यानाच्या नावाने उतारावरची झोपडी उठवायची आणि माथ्यावरचा बंगला नियमित करायचा, हा डाव चालू देता कामा नये. आधी पुनर्वसन, मग उद्यान!

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. महानगरातल्या सर्व संस्थांनी उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा घालून जमीन खरेदीचा संयुक्त निधी उभारावा. श्रीमंत महापालिकेने जास्त द्यावे, ग्रामपंचायतीने कमी. बाग मात्र सर्वांना खुली. प्रत्येक आरक्षित भूखंडाची दहा वर्षांची मुदत कधी संपते, त्याची यादी जाहीर व्हावी. ती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. नियोजन समितीत आपले नगरसेवक आणि सरपंच पाठवा आणि त्यांना जाब विचारा.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. ठरावाने तहान भागत नाही आणि आराखड्यातल्या हिरव्या रंगाने सावली पडत नाही. ती मिळवावी लागते.