येते वर्ष आणि आपली तूर



पाडव्याला पंचांग वाचून वर्षफल ऐकण्याची आपल्या गावागावांतून जुनी चाल आहे. पाऊस किती पायल्या, धान्य स्वस्त की महाग, हे ऐकून मंडळी घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. आम्हांस ग्रहांचे ज्ञान नाही. परंतु देशाचे येते वर्ष कसे जाईल याचा काही अंदाज उघड्या डोळ्यांनी बांधता येतो. राजकारण, अर्थकारण आणि परराष्ट्रसंबंध हे शब्द ऐकून निंबर्ग्याच्या शेतकऱ्याने बिचकू नये. हे तिन्ही विषय त्याच्या तुरीच्या शेताच्या बांधावर येऊन उभे आहेत.

प्रथम परराष्ट्रसंबंधांचे पाहू. आपल्या देशात वर्षास साधारण 35 लाख टन तूर पिकते, आणि खप त्याहून बराच अधिक आहे. ही तूट बाहेरून भरून काढावी लागते. 2016 च्या जुलैत भारताने आफ्रिकेतील मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार केला. 2021 साली म्यानमार आणि मलावी या देशांशी पाच वर्षांचे करार झाले. 2021 पासून तुरीची आयात मोकळी झाली. तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि 2025 च्या जानेवारीत ती 31 मार्च 2026 पर्यंत नेण्यात आली. आता यातील मर्म ध्यानी घ्यावे. आफ्रिकेतील तूर आपल्या पिकाच्या आधी निघते व दिवाळीच्या सुमारास बंदरांत उतरते; म्यानमारची तूर आपल्या तुरीच्या जोडीनेच बाजारात येते. म्हणून आयातीच्या मुदतीविषयी दिल्लीत निघणारे एक पत्रक कलबुर्गीच्या बाजारातील भाव हलवू शकते.

पिवळ्या वाटाण्याची गोष्टही तीच. 2023 च्या डिसेंबरात तो करमुक्त झाला, स्वस्त मिळू लागला आणि अनेक ठिकाणी डाळीच्या जागी खपू लागला. शेतकऱ्यांची ओरड झाल्यावर 1 नोव्हेंबर 2025 पासून त्यावर 30 टक्के कर बसला. दुसऱ्या बाजूने, 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरील कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा कपडे, दागिने आणि कोळंबी यांच्या धंद्यांना धक्का बसला. ज्या घरांतील मुले शहरांत कारखान्यांवर आहेत, त्या घरांना अशा बातम्या परक्या वाटू नयेत.

आता अर्थकारण. 2024 साली तुरीचा भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता. ते पाहून अनेकांनी तूर पेरली, आयातही भरपूर झाली, आणि 2025 साली अनेक बाजारांत भाव 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली आला. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव 8,000 रुपये ठरला. त्यातच 2025 च्या सप्टेंबरात भीमेच्या पुराने आणि अतिवृष्टीने जिल्ह्यातील उभ्या पिकांची मोठी हानी केली. चढ्या भावाचे वर्ष पाहून पुढील वर्षाचे कर्ज काढणे किती धोक्याचे, हे या दोन वर्षांनी शिकविले आहे.

11 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्र सरकारने डाळींच्या स्वावलंबनाची सहा वर्षांची योजना सुरू केली. तिच्यासाठी 11,440 कोटी रुपये ठरविले असून, नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे हमीभावाने संपूर्ण खरेदी करण्याचे वचन दिले आहे. वचन चांगले आहे. परंतु ते नोंदणी केलेल्यांसाठी आहे, हा शब्द विसरू नये. समजा, बाजारात 7,000 चा भाव आहे आणि हमीभाव 8,000 चा. दहा क्विंटल तूर आडत्याकडे घातली तर 10,000 रुपये गेले. पहाणी, आधार आणि बँकेचे पासबुक हंगामापूर्वीच नीट करून ठेवावे, पिकाची नोंद तपासावी. तुरीत ओल 12 टक्क्यांहून अधिक असली तर केंद्रावरून माल परत येतो. म्हणून ती चांगली वाळवून, चाळून न्यावी. 2019 साली गुलबर्ग्याच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचा मान आपल्या मालाने राखावा.

उरले राजकारण. त्याविषयी आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू घेणार नाही. पण 2023 च्या निवडणुकीपूर्वी आपल्याच आळंद मतदारसंघात काय घडले ते सर्वांस ठाऊक असावे. मतदारयादीतून 6,018 नावे काढावीत असे अर्ज परस्पर आले होते. चौकशीत त्यांपैकी केवळ 24 खरे ठरले. अधिकाऱ्यांनी लक्ष घातले म्हणून बाकीची नावे वाचली. निवडणूक नसलेल्या वर्षीही आपले नाव यादीत पाहून येणे हे प्रत्येक प्रौढ माणसाचे कर्तव्य आहे. विशेषतः कामासाठी बाहेर गेलेल्या मुलांची आणि सासरी आलेल्या सुनांची नावे पाहावीत.

2011 नंतर न झालेली जनगणना आता होत आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. लोकसभेच्या जागांची फेरवाटणी पुढे याच आकड्यांवर होऊ शकते. गणक दारी येईल तेव्हा घरातील जाणत्याने हजर राहावे आणि खरे तेच सांगावे. मातृभाषा विचारली तर, जी घरात चुलीपाशी बोलली जाते ती सांगावी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात आलो. कन्नड ही आपल्या शेजाऱ्याची व राज्याची भाषा. ती आदराने शिकावी. परंतु त्याच वर्षी घटनेत आलेल्या 350 अ या कलमाने अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यांना सांगितले आहे. मराठी बोलणारे कागदावरच नसतील, तर मराठी शाळा कोणासाठी मागावयाची?

देशाचे येते वर्ष सोपे जाईल असे आम्हांस वाटत नाही. बाहेर व्यापाराची ओढाताण आहे, आत पावसाचा व भावाचा भरवसा नाही. यांतील पुष्कळसे आपल्या हाती नाही. जे आहे ते असे: तूर नीट वाळविणे, कागद वेळेवर करणे, यादीत नाव पाहणे, गणकाला खरे सांगणे आणि ऋण अंथरूण पाहून काढणे. एवढे ज्या घरात होईल, त्या घराला वर्ष कसेही आले तरी ते निभावून नेता येईल.